तळेकरांचा ओटा

जमिनीखाली स्टेशन बांधायचे, तर त्याच्या पायऱ्या कोणाचे गुडघे बघून आखायच्या? आखणाऱ्या साहेबाचे, की डोक्यावर पाटी घेऊन उतरणाऱ्या बाईचे?

हा प्रश्न मला तळेकरांनी विचारला. ठाणे स्टेशनच्या पुलावर मी पत्रके वाटत होतो आणि धोतर-कोटातला हा गृहस्थ घडीची फूटपट्टी लावून पायरी मोजत बसला होता. चेंदणीची एक कोळीण पाटी सावरत म्हणाली, "काय मोजतंस रं दादा? माझ्या ढोपराला इचार ना!"

"विचारतो. कितव्या पायरीला दुखतं?"

"पंधराव्या."

तळेकरांनी ते वहीत लिहून घेतले.

सखाराम तळेकर ठाण्यातच खोपटला राहत आणि मुंबईतल्या एका कचेरीत नकाशे काढत. मुंबईच्या पोटातून आगगाडी नेण्याची योजना तिथे शिजत होती. त्यातल्या एका स्टेशनाचा जिना त्यांच्याकडे आला होता. माप कळावे म्हणून नकाशात एक माणूस काढायची रीत असते. बाकीचे हॅटवाला साहेब काढत. तळेकरांनी पाटीवाली कोळीण काढली. पंधराव्या पायरीनंतर सपाट जागा सोडून तिथे भिंतीला खांद्याइतका उंच ओटा दाखवला. त्यांच्या गावच्या घाटात भारेकऱ्यांसाठी तसाच ओटा होता. दुसऱ्याचा हात न लागता भारा उतरवावा, दम खावा, पुन्हा उचलावा.

"खाली उतरा म्हणून सगळेच सांगतात रे," ते म्हणत, "दम कुठे खायचा ते कोणी सांगत नाही."

मुख्य साहेबांनी नकाशा पाहिला. "तळेकर, हे स्टेशन आहे, मासळीबाजार नव्हे."

"मग साहेबांनी मासळी खाणं सोडावं."

कोळीण आणि ओटा, दोन्ही ब्लेडने खरवडून काढण्याचा हुकूम झाला. तळेकरांनी कोळीण खरवडली. "चित्र माझं होतं, ते गेलं. ओटा तिचा आहे. त्याला मी हात लावणार नाही."

तो नकाशा बाजूला पडला. दुसऱ्याने बिनओट्याचा नवा काढला. तळेकरांची बदली जुन्या नकाशांच्या कोठीत झाली. मी संतापून म्हणालो, "काका, पत्रक काढू या!"

ते हसले, पण कडवट. "तुझं पत्रक वाचायला तिला आधी पाटी उतरवावी लागेल. कुठे उतरवेल?"

पुढे योजनाच बासनात गेली. साहेब मात्र वर चढले, पायऱ्या न मोजता.

असे नकाशे कागदावर नव्हे, खळ लावलेल्या तलम कापडावर काढतात. रद्द झालेले नकाशे कचेरीतले लोक घरी नेऊन उकळत, आणि त्याचे मऊ रुमाल होत. तळेकरांनी आपलाच जिना घरी आणला. काकूंनी तो उकळला, पण शाई पुरती गेली नाही.

गेल्या थंडीत तळेकर वारले. काकूंनी त्यांच्या तोंडावर तोच रुमाल टाकला. मी वाकून पाहिले. पायऱ्या पुसट झाल्या होत्या. ओटा दिसत होता. मग चितेवर तोही जळाला.

जमिनीखालचे स्टेशन आज ना उद्या होणारच. त्याचा नकाशा लोकांपुढे मांडतील, त्या दिवशी तुम्ही जा. हारतुरे आणि भाषणे बाजूला ठेवा. जिन्याच्या पंधराव्या पायरीवर बोट ठेवा आणि मोठ्याने विचारा, "पाटी कुठे उतरवायची?" उत्तर मिळेपर्यंत बोट काढू नका.