काळा करांदा

रानवेलीला लागणारा करांदा, बटाट्याएवढा खडबडीत कंद, इतका कडू, की राखेच्या पाण्यात उकडल्याशिवाय तोंडात घालवत नाही. त्या उकडण्याचा वास आला की माझं डोकं अजूनही फिरतं. मोखाड्याच्या आश्रमशाळेत मी आठवीत होते आणि जव्हारला विज्ञान प्रदर्शन होतं. प्रतिकृती करायला मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला एक लघुग्रह मी निवडला होता. पुस्तकात लिहिलं होतं, की जागच्या जागी असलेल्या ताऱ्यांमधून एक ठिपका रोज थोडा सरकताना दिसला, म्हणून तो सापडला; आणि तो कोळशासारखा काळा, खड्ड्याखड्ड्यांचा, वेडावाकडा आहे, कारण स्वतःला गोल करून घेण्याइतकं वजनच त्याच्यात नाही. आईने रानातून आणलेल्या करांद्यांतला नेमका तसा एक मी शोधला, चुलीच्या काजळीने माखला आणि तारेला टांगला. प्रदर्शनाच्या सकाळी विज्ञानाचे सर ओरडले, “ग्रह कधी असा असतो का? तुम्ही लोक जिथंतिथं खायचंच आणता!” मी म्हटलं, “सर, पुस्तकात फोटो हाय, बघा ना.” त्यांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. करांदा खिडकीबाहेर भिरकावला आणि तिथे चमकी लावलेला थर्माकोलचा गोळा टांगला. त्या गोळ्याला बक्षीस मिळालं आणि फोटोसाठी मला हसायला लावलं. परवा मोबाईलवर यानाने काढलेला एका लघुग्रहाचा फोटो पाहिला: काळा, खड्ड्यांचा, वाकडा. सरांना मी तो फोटो नाही पाठवला, एक कच्चा करांदा पाठवला.