रंग खरडू नको

कुठं रंग घासल्याचा वास आला, की सुरतेत बसूनही मला धुळ्याचं ते हायवेवरचं गॅरेज आठवतं आणि डोकं तापतं. सातवीतून शाळा सोडून मी भडगावहून आलेलो. मिस्तरी म्हणाले होते, "हा हॉर्न एकट्यानं बसवून वाजव, मग इथंच राहा. नाहीतर घरी जा."

मोटारसायकल नाना नावाच्या गिऱ्हाइकाची, नुकतीच रंगवलेली. त्यांना पोरासाठी मुलगी बघायला निघायचं होतं. वायरी जोडल्या, पण हॉर्न मुका! फ्रेमवर रंगाचा थर; वायर उघड्या लोखंडाला टेकल्याशिवाय अर्थिंग मिळणार कसं? मी पॉलिश पेपर उचलला, की नाना ओरडत, "बठ्ठं कर, काय करनं ते कर, पन रंग खरडू नको!" रंगातून करंट जात नाही, हे सांगून सांगून माझा घसा सुकला. घरी परतायच्या भीतीनं मी त्याच वायरी पुन्हा पुन्हा जोडत होतो.

शेवटी मिस्तरी हसत म्हणाले, "नाना, हळद लावाले सदरा काढना पडस ना?" नाना वरमले. मिस्तरींनी पेपर माझ्याच हातात ठेवला. "घास."

मी रुपयाएवढी जागा घासली. हॉर्न असा कोकलला, की नानांनीच कान झाकले.

नानांवर मी अजून चिडतो. पण ते अडून बसले, म्हणून परक्या गावात कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं.