दार आपटल्यानंतर

चष्म्याच्या दुकानात कामाला, म्हणून पटकथेच्या वर्गात तिला सगळे चष्मेवाली म्हणत. चांगली चाळिशी ओलांडलेली बाई, पण पहिल्या बाकावर बसून मास्तरांचा शब्दन् शब्द टिपून घ्यायची. मास्तर एक नंबरचे फटकळ. "'त्याला फार वाईट वाटलं', असं लिहून आणलंत? कॅमेऱ्याला दिसणार कसं ते? भरल्या ताटावरून उठवा त्याला, मग दिसेल!" किंवा, "भांडण पेटल्यावर प्रसंगात शिरा आणि मिटायच्या आत बाहेर पडा. या-बसा, चहापाणी, सगळं कापा." एका नियमावर तर ते अडूनच बसत. आपलं लेखन दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायचं, आणि वाचन चालू असताना लेखकानं तोंड उघडायचं नाही. पडद्याशेजारी उभं राहून प्रेक्षकांना समजावत बसणार आहात का तुम्ही?

आज तिच्या पटकथेचं वाचन होतं, आणि नेमका आजच घात झाला. त्यातल्या थोरल्या भावाचं काम वाचणारे गृहस्थ आलेच नाहीत. तिची ताई बिचारी नुसती सोबत म्हणून आली होती, मागे भिंतीला टेकून बसली होती. मास्तरांनी सरळ तिच्याच हातात कागद कोंबले. "तुम्ही वाचा हो. नाटकी सूर नको, आपण घरात बोलतो तसं."

चष्मेवाली कागद परत घ्यायला अर्धवट उठली आणि तशीच खाली बसली.

त्याला कारण होतं. बाईनं नवशिक्यांची ठरलेली हुशारी केली होती. दोन बहिणींचे दोन भाऊ केले, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या जागी आई आणली, घराखाली सायकलचं दुकान टाकलं. वेश बदलला की झालं, कोण ओळखतंय! पण वाक्यं? ती मेली जशीच्या तशी ठेवली. वडील जायच्या थोडंच आधी ताई जे बोलली ते, अक्षरही न बदलता. त्यावर दोघींनी पुन्हा कधी चकार शब्द काढला नव्हता. आता तिला आपलं म्हणावं असं ताईशिवाय कुणी उरलं नव्हतं. ताई आज उठून गेली, तर सगळंच संपणार होतं.

वाचन सुरू झालं. पहिली पानं ताईनं हसत हसत वाचली. मग औषधांवरून भावाभावांची जुंपली, तसा तिचा आवाज खाली खाली जायला लागला. चष्मेवाली तोंडावर हात दाबून बसली. थांबवावं तर का म्हणून सांगायचं? आणि न थांबवावं तर पुढचं पान आलंच!

"रोज रोज मला बोलावू नकोस," ताई वाचत होती. "मलाही संसार आहे. इतका पुळका आहे तर तूच कर सगळं."

मग ताईनं कंसातली सूचनाही वाचली. "थोरला दार आपटून निघून जातो."

"छान कापलंय!" मास्तर खूश झाले. "चला पुढे."

ताईनं पान उलटलं नाही. "हा बाहेर पडला," ती कागदाकडे बघतच म्हणाली. "मग गेला कुठे?"

"लेखकाला विचारा," मास्तर म्हणाले. "बोला हो, तुम्हाला परवानगी आहे."

"घरी गेला असेल," चष्मेवाली कशीबशी म्हणाली.

"असेल म्हणजे?" मास्तर उखडले. "पात्र खोलीबाहेर पडलं की मरतं का? ते कुठे जातं हे तुम्हाला ठाऊकच हवं. मग ते लिहा किंवा लिहू नका!"

"घरी नाही गेला," ताई म्हणाली. "तिथंच जिन्यात बसला होता. वाटलं, आत्ता दार उघडेल, आत्ता हाक येईल. मग आतून कडी घातल्याचा आवाज आला."

मास्तर उत्साहानं पुढे सरकले. "वा! हे टिपून घ्या." चष्मेवालीनं हातातलं पेन खाली ठेवलं. कडी तिनंच घातली होती. रागाच्या भरात, दाणकन. इतकं सगळं आठवून आठवून लिहिलं बयेनं, पण तेवढं बरं लिहायचं राहिलं!

"मला वाटलं, तू गेलीस," ती म्हणाली.

"जिना उतरताना माझी पावलं ऐकलीस?"

चष्मेवालीचे डोळे भरून आले. हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही," ती म्हणाली. "नाही ऐकली."

"मग तसं लिही," ताई म्हणाली, आणि तिनं पान उलटलं.