कुलपातली एकशे बारा पुस्तकं

जुन्या जालन्यातल्या नगरपालिका शाळेची मुख्याध्यापिका म्हणून आज माझा शेवटचा दिवस होता. चार्ज देताना जे ऐकलं, त्यामुळे हे लिहावं लागतंय.

कपाटातली गोष्टींची पुस्तकं मोजली. एकशे बारा, नोंदवहीप्रमाणे बरोबर. मुलं फाडतील आणि तपासणीत आकडा जुळणार नाही, म्हणून मी ती कायम कुलपात ठेवली होती.

नव्या बाई म्हणाल्या, "रेकॉर्ड एकदम चोख आहे तुमचं."

पुस्तकं उचलून देत होती सुनीता. ती शाळेत खिचडी शिजवते. माझीच जुनी विद्यार्थिनी. ती हसून म्हणाली, "बाई, आम्ही शिकत होतो तवाबी ही इथंच होती का? मला अजून बराबर वाचता येत न्हाई. आता लेकबी तिसरीत अडखळून राह्यली."

मुलांचं वाचन कच्चं म्हणून मी इतकी वर्षं पालकांनाच रागावत आले.

शिक्षकांनो, तुमच्या शाळेतलं कपाट नक्की कोणासाठी बंद आहे?

आज सुपूर्द केलं: गोष्टींची पुस्तकं एकशे बारा, तिसरीच्या वर्गाकडे, कुलपाशिवाय. शेरा: वाचताना फाटल्यास जबाबदारी माझी. खाली माझी सही.