बघू म्हणजे किती?

डाळमिलच्या माडीवर क्लास काढला की दोन गोष्टी साचतात: तुरीचा भुसा आणि किस्से. भुसा रोज झाडून काढतो. किस्से निघत नाहीत, म्हणून तुमच्यापुढं मांडतो.

चंडीगडला शिकून मी कर्नाटकातल्या आमच्या आळंदला परत आलो, तेव्हा मोबाइल घरोघरी पोचला होता. प्रोग्रामिंग शिकायचं तर मात्र पोरांना पुणं नाहीतर बेंगळूर गाठावं लागायचं. मला वाटायचं, हे इथंही शिकवता येईल. अजूनही वाटतं!

पोरं कॉम्प्युटरवर शेतीचा एक गेम खेळायची. पीक पिवळं झालं की क्लिक करून कापायचं, एवढंच. बोटं दुखेपर्यंत क्लिक चालायचं. मी म्हणालो, "तुमच्या बदली क्लिक करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, तुम्हीच लिहा." झाला क्लास सुरू!

* * *

पहिल्याच आठवड्यात बिरूचे वडील बघायला आले. घराणं मेंढरंवाल्यांचं, आता शेती करतात. पडद्यावर माऊसचा बाण आपोआप फिरत होता आणि बिरू हाताची घडी घालून बसला होता.

"खेळायलाय कोण?" त्यांनी विचारलं.

"मशीन, काका."

"मग हितं मशीनलाच बसवा. पोरगं रानात न्हेतो!"

* * *

बिरूला ठेवून घेतला. फंक्शन समजावताना मी म्हणालो, "फंक्शन म्हणजे कामावर पाठवलेला माणूस. माघारी येऊन तो जे सांगतो, ती रिटर्न व्हॅल्यू. बिरू, खाली चहावाला आलाय का बघून ये."

बिरू गेला, आला, जागेवर बसला.

"अरे, आलाय का?"

"बघून आलो की, सर."

"मग सांग की!"

"बघून ये म्हणलाव. सांग कुठं म्हणलाव?"

एवढं चांगलं उदाहरण मला पुस्तकातसुद्धा सापडलं नव्हतं.

* * *

मग पोरांनी 'पिकलंय का' हे बघणारं फंक्शन लिहिलं. पिकलं असेल तर एक सांगायचं, नसेल तर शून्य.

बिरूची स्क्रिप्ट हिरवंगार पीक कापत सुटली. मग बांध कापला. मग विहीर कापायला लागली! उघडून बघितलं, तर सगळीकडं एकच एक.

"शून्य कुठंय, बिरू?"

"सर, थोरल्या माणसानं इतक्या लांब पाठवलंय. न्हाई म्हणत माघारी यायचं कसं?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. लग्नाला येणार का असं विचारलं तर आमच्याकडं कुणी नाही म्हणत नाही. येतही नाही. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'न्हाई हेही उत्तर आहे.'

दुसऱ्या दिवशी बिरू म्हणाला, "सर, काल घरी वापरून बघितलो. उपाशी झोपलो."

* * *

वर्गात सगळ्यांच्या पुढं होती महादेवी, सिद्रामप्पा अडत्यांची एकुलती एक मुलगी. आई नाही, घरात दोघंच. तिचा बेंगळूरच्या कॉलेजात नंबर लागला होता आणि महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. तिनं रोज विचारायचं आणि वडिलांनी रोज म्हणायचं, "बघू."

तिच्या फंक्शनमध्ये चूक नव्हती. शून्य असलं तर ते शून्यच सांगायचं. तरी स्क्रिप्ट हिरवं पीक कापत होती.

"उत्तर येतंय," मी म्हणालो, "पण ज्यानं विचारलं, त्यानं ते धरून ठेवलेलंच नाही. वाऱ्यावर गेलं."

महादेवी म्हणाली, "हे आमचे अप्पाच की, सर! मी सांगते, ते ऐकतेत. पण धरत न्हाईत."

* * *

एकदा तिनंच विचारलं, "हो म्हणजे एक, न्हाई म्हणजे शून्य. मग बघू म्हणजे किती?"

वर्ग पेटला!

"अर्धा!"

"शून्यच," बिरू म्हणाला. "आमच्यात बघू म्हणलं की विषय संपला."

"कामून? आमच्या अक्काचं लग्न बघू-बघू करतच झालं की!"

महादेवी हसली नाही. "शून्य असंल तर शून्य म्हणावं. म्हणजे दुसरं काहीतरी बघीन मी."

चंडीगडहून आणलेल्या अभ्यासक्रमात याचं उत्तर नव्हतं.

* * *

महिना संपत आला. एका सकाळी सिद्रामप्पांचा फोन आला, "सर, लगीच दुकानात या. मशीन बिल करू देईना!"

दुकानाचं बिलाचं मशीन महादेवीनंच बसवून दिलेलं होतं. मी गेलो, तर दारात तुरीच्या गाड्या उभ्या आणि सगळे शेतकरी मशीनभोवती. पडद्यावर मधोमध एक चौकट होती: 'अप्पा, मी बेंगळूरला जाऊ का?' खाली दोन बटणं, येस आणि नो. चौकट हलत नव्हती, बंद होत नव्हती. दाबलेलं बटण हीच तिची रिटर्न व्हॅल्यू, हे मीच शिकवलेलं होतं.

सिद्रामप्पांनी चष्मा पुसला. "सर, ह्यात बघू कुठं हाय?"

"नाही, अण्णा. दोनच आहेत."

मला ती चौकट घालवता आली असती. मी हात लावला नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, दाबा की कायतरी! गाडी उभी हाय!"

सिद्रामप्पांनी नो दाबलं.

पहिली चौकट गेली. लगेच दुसरी आली. तिच्यात कारण विचारणारा एकच शब्द होता: 'कामून?' खाली लिहायला मोकळी जागा, आणि कर्सर लुकलुकत होता.

त्यांनी एक बोट कीबोर्डवर ठेवलं. दोन अक्षरं उमटली, त्यांनी ती खोडली. पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा उचललं. बाहेरची मापं थांबली होती. कुणी गाडीचं नाव काढत नव्हतं.

पडद्यावरची नजर न काढता ते हळूच म्हणाले,

"सर, मघाचा प्रश्न परत कसा आणायचा?"