खुन्याचा जावई

आमच्या बंट्वाळच्या वरच्या अंगाला मोनप्पा नावाचा माडी काढणारा होता. होता म्हणजे, मेला त्याला बारा वर्षं झाली; पण गेला मात्र कुठंच नाही. घरामागच्या कपडे धुवायच्या दगडावर बसून असायचा. माणूस सरळ, विडीचा शौकीन, लग्नाचं तेवढं राहून गेलेलं.

लोक म्हणत, माडावरून पाय निसटला. निसटतो कसला! पायात अडकवायचं काथ्याचं वेटोळं जोडीदार दुग्गप्पानं आदल्या दिवशी निम्मं कापून ठेवलं होतं. कशासाठी, तर मोनप्पाकडचे बारा माड त्याला हवे होते. ही गोष्ट ठाऊक दोघांनाच, आणि त्यातला एक मेलेला.

मोनप्पाला हवं होतं एवढंच, की दुग्गप्पाचं नाव चारचौघांत निघावं. पण त्याच्याच्यानं वाळकं पानसुद्धा हलत नव्हतं. घरात मात्र म्हैस आटली की मोनप्पा, भाचीची सोयरीक फिसकटली की मोनप्पा. शेवटी बहीण गिरिजा भटांकडे गेली. भटांनी कवड्या मांडल्या.

"लग्न मागतोय तो."

"लग्न नको भटा, दुग्गप्पाला धरा!" मोनप्पा त्यांच्या कानाशी बोंबलला.

भटांनी कान खाजवला. "आणि घाईत दिसतोय फार."

बिनलग्नाचा मेला की त्याला मेलेलीच मुलगी बघायची, ही आमची रीत. कुळ तेवढं वेगळं लागतं. गिरिजानं तीन गावं पालथी घातली आणि मुलगी शोधली: तीन महिन्यांची असताना तापानं गेलेली कमला. मेलेली पोरंही आपल्या वयानं वाढतातच, तेव्हा आता सव्वीसची. बाप कोण? दुग्गप्पा! त्याच्या बायकोनं हरखून होकार दिला. नको म्हणायचं तर दुग्गप्पाला कारण सांगावं लागलं असतं.

आषाढात मांडव उभा राहिला. एका खुर्चीवर धोतर, दुसरीवर साडी. मोनप्पा धुसफुसतच धोतरात शिरला.

"माडावरून पडलेले ते तुम्हीच ना?" साडीतून आवाज आला.

"पडलो नाही. तुझ्या बापानं पाडलं."

कमला म्हणाली, "मी सव्वीस वर्षं विहिरीच्या काठावर एकटी काढली. तुमच्या दगडावर दोघं मावतील का हो?"

मोनप्पानं तिच्याकडे नीट पाहिलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्याला विडीची आठवण झाली नाही. "सरकून बसलं की मावतील," तो म्हणाला.

पानं मांडली गेली. पहिलं पान नवरदेवाचं. सासऱ्यानं वाढायचं आणि तीनदा विचारायचं, ही पण रीतच. दुग्गप्पानं कोंबडीचा रस्सा वाढला, निम्मा पानाबाहेर.

"जावईबापू, काही उणं राहिलं का?"

दुसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज चिरकला. तिसऱ्यांदा तो धोतराच्या पाया पडला आणि ढसाढसा रडायला लागला. "उणं माझ्याच हातून झालं रे मोनप्पा! ऐका हो सगळे, हा पडला नव्हता. याला मी..."

बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते ओठांवर आलं होतं. आणि मोनप्पाला एकदम उमगलं: नाव निघालं की सोयरीक मोडली! कमला विहिरीवर, हा दगडावर.

"गप बसा, सासरेबुवा!" जीव नव्हता तरी तो जीव खाऊन ओरडला.

वरच्या माडावरून नारळ सुटला तो थेट रश्शाच्या पातेल्यात. दुग्गप्पा नखशिखान्त माखला.

"जावयाला पसंत आहे!" भट ओरडले. गिरिजानं डोळे पुसले, वाजंत्री सुरू झाली, आणि दुग्गप्पाचं पुढचं वाक्य रश्शाबरोबर त्याच्याच घशात गेलं.

तो पुन्हा माडावर चढला नाही. दर आषाढात जावयाचं पान वाढतो, मांडीचा तुकडा शोधून ठेवतो, आणि वर बघत बघत विचारतो, "उणं काही नाही ना?"

दगडावर कमला म्हणते, "सांगून टाकू द्या की त्यांना आता."

"सांगेल गं," मोनप्पा म्हणतो. "आधी जेवण होऊ दे."