दुशान्बे, तासाभरावर

खोरोगच्या विमानतळावर सलग चौथ्या सकाळी सवसन गाठोड्यावर बसून होती. आत दुशान्बेतल्या लेकीसाठी वाळवलेली तुती आणि नव्या नातवासाठी विणलेले लोकरी मोजे. शेजारी नवरा नेककदम, नजर डोंगरमाथ्यावरच्या ढगावर. ढग हलल्याशिवाय विमान येत नाही, आणि ढग काही हलत नव्हता.

तिचा निम्मा संसार असा ढगाखाली गेला होता. कुणाचं लग्न असो की तिचे दात दाखवायचे असोत, नेककदमचं पालुपद एकच: विमानानं दुशान्बे तासाभरावर, जीपनं अख्खा दिवस आणि वर रात्र, हाडं कशाला खिळखिळी करून घ्यायची? तरुणपणी तो इथंच विमानात सामान चढवायचा, त्यामुळे त्याच्याशी कुणी वाद घालत नसे. भाच्याच्या लग्नाला ती दोघं पोचली तेव्हा नवरी सासरी चांगली रुळली होती.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. बाळाला परवा पाळण्यात घालणार होते. सवसन उठली.

"मी अकनाजारच्या जीपनं चालले. तुम्ही बसा ढग राखत."

"अगं, दुपारपर्यंत उघडेल."

"तुमचं दुपारपर्यंत ऐकूनच माझे केस पिकले."

शेजारचा अकनाजार निघतच होता. पंज नदीच्या कडेकडेनं, धूळ खात, टपाला डोकं आपटून घेत ती दुसऱ्या दिवशी पोचली. पाळणा झाला. आजोबा कुठे, असं जो तो विचारी आणि ती ढगाचं सांगे. सांगून सांगून तिला वीट आला.

पाळण्यानंतर तीन दिवसांनी नेककदम दारात उभा राहिला. चेहरा पांढराफटक, भुवयांवर धूळ. जीपनं आला होता. सोबतच्या अकनाजारनं हसत सांगितलं की काकांनी वाटभर डोळे उघडले नाहीत.

तो गेल्यावर सवसननं नवऱ्याला छेडलं. नेककदमनं खाऱ्या दूधचहात नानचा तुकडा बुडवला.

"भाऊ जीपसकट नदीत गेला ना," तो म्हणाला, "मी मागच्या गाडीत होतो. त्या वळणावर तो आवाज अजून ऐकू येतो."

दीर नदीत गेला हे तिला ठाऊक होतं, ते लग्नाआधीचं. नवरा मागच्या गाडीत होता, हे मात्र इतक्या वर्षांत त्यानं कधी सांगितलं नव्हतं. तिला रागच आला.

"जन्मभर विमान विमान करत बसलात. भीती वाटते म्हणाला असतात, तर मी काय गावभर दवंडी पिटणार होते?"

बाळ रडलं तसा तो हात धुऊन त्याला घ्यायला गेला.

परतीच्या दिवशीही आभाळ भरलेलंच होतं. सवसननं त्याला जीपमध्ये डोंगराच्या बाजूला बसवलं आणि स्वतः नदीच्या बाजूला बसली. ते वळण जवळ आल्यापासून पार मागे पडेपर्यंत, टोपी जावयाकडे विसरून आल्याबद्दल ती त्याच्याशी मोठमोठ्यानं भांडत राहिली.